हिवाळी ट्रेकसाठी गरम जॅकेट: चालण्यासाठी नव्हे, थांबण्यासाठी

डिसेंबर लागला की पुणे, मुंबई, नाशिकहून ट्रेकर्सचे गट डेहराडूनमार्गे केदारकंठाच्या पायथ्याच्या सांक्री गावाला जायला लागतात. केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास या उत्तराखंडातल्या ट्रेकची नावं आता सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या घरोघरी पोचली आहेत. सामानाची यादी हातात पडली की पहिली खरेदी जॅकेटची होते, आणि बहुतेक जण दुकानातलं सगळ्यांत जाड जॅकेट उचलतात. ते घालून पहाटे कॅम्पवरून निघायचं, अर्ध्या तासात आतून भिजायचं, आणि पहिल्या थांब्यावर हुडहुडी भरली की जॅकेटला नावं ठेवायची, हे ठरलेलं. अशा वेळी जॅकेट बहुधा चांगलंच असतं. ते घातलेलं असतं चुकीच्या वेळी.

याचं कारण शरीराच्या हिशोबात आहे. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना हाच आकडा ४०० ते ५०० वॅटवर जातो. म्हणजे चालताना आपण स्वतःच शेगडी असतो. थांबलो की शेगडी विझते, पण घामाने ओले झालेले कपडे अंगाला चिकटून राहतात आणि उष्णता ओढत राहतात. गरम जॅकेटचं काम या दुसऱ्या वेळचं आहे. एकदा हे मान्य केलं की माप, भरण, टोपी, चेन या सगळ्यांची उत्तरं बदलतात.

आधी थंडीचा हिशोब

सांक्री साधारण १,९५० मीटरवर आहे आणि केदारकंठाचं शिखर ३,८०० मीटरच्या आसपास. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे गाव आणि शिखर यांत ढोबळ १२ अंशांचा फरक धरायचा. रात्री दरीत थंड हवा साचली तर हा हिशोब थोडा चुकतो, पण तयारीसाठी पुरेसा आहे. गावात पहाटे शून्य असेल तर वर उणे दहा-बारा गृहीत धरून निघावं.

त्यात वारा मिळवा. उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे २० अंशांसारखी थंडी वाजते. हा हिशोब उघड्या त्वचेचा आहे, हे मात्र लक्षात ठेवा. वारा अडवणारा पातळ थर अंगावर असेल तर यातला बराच भाग कापला जातो. म्हणून शंभर-दीडशे ग्रॅमचं विंडचीटर कित्येकदा जाड जॅकेटपेक्षा जास्त काम करून जातं.

आणि सह्याद्रीसाठी? कळसूबाई १,६४६ मीटर. जानेवारीत माथ्यावर पहाटे कितीही कुडकुडलात तरी चांगलं फ्लीस (लोकरीसारख्या मऊ पॉलिस्टरचं जॅकेट), त्यावर विंडचीटर आणि कानटोपी एवढ्यावर भागतं. हरिश्चंद्रगडाच्या मुक्कामासाठी डाऊन, म्हणजे पक्ष्यांची लव भरलेलं जॅकेट घेऊ नका. ते वर्षभर सॅकच्या तळाशी चेपून खराब होईल.

अंगावरचे थर

थोडक्यात सांगायचं तर अंगालगत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल. त्यावर मध्यम जाडीचं फ्लीस. वारा असेल तर विंडचीटर, पाऊस-बर्फ असेल तर रेन जॅकेट. एवढ्यावर चढायचं, आणि निघाल्यावर पहिली दहा मिनिटं किंचित थंडी वाजली पाहिजे. कॅम्पवरून निघतानाच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झाला आहे. सुती बनियन घालू नये. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तंबूत रात्रभरही वाळत नाही.

गरम जॅकेट सॅकच्या अगदी वरच्या भागात ठेवायचं. पाच मिनिटांहून मोठा थांबा असेल तर सॅक खाली टाकताक्षणी ते बाहेर काढून *सगळ्या थरांवरून* घालायचं, विंडचीटरवरूनही. गारठल्यावर घातलं तर उपयोग निम्मा, कारण जॅकेट उष्णता तयार करत नाही, आहे तेवढी राखतं.

आत काय भरलंय

ऊब देते ती साचलेली, न हलणारी हवा. हे आपल्याला गादीवरून ठाऊक आहे. पिंजाऱ्याने नव्याने पिंजलेली गादी ऊबदार लागते आणि तीच दबून गोळे झाले की गार पडते. कापूस तोच, फक्त त्यातली हवा गेलेली. जॅकेटमध्येही जाडी म्हणजे अडकलेली हवा, आणि ती अडकवण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला डाऊन. बदक किंवा हंसाच्या छातीवर, पिसांच्या खाली असलेली ही लव. पिसाला मधे काडी असते, लवेला नसते. रुईच्या म्हातारीसारखी ती चहूकडे फुलते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने फुग्यांच्या कापडात आयडर बदकाची लव भरून कोट शिवून घेतला होता. बाकीचे तेव्हा लोकरी कपड्यांत होते. आधी त्या कोटाची टिंगल झाली, वरच्या वाऱ्यात मग त्याचा हेवा वाटू लागला. वजनाच्या मानाने एवढी ऊब देणारं दुसरं भरण आजही सहज मिळत नाही.

डाऊनच्या लेबलवर ५५०, ६५०, ८०० असा फिल पॉवरचा आकडा असतो. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव ठरावीक दाबाखाली किती घनइंच जागा व्यापते, ते हा आकडा सांगतो. खरेदीतली सर्वांत मोठी फसगत इथेच होते. फिल पॉवर म्हणजे लवेचा दर्जा; जॅकेट किती गरम आहे ते त्यावरून ठरत नाही. त्यासाठी भरलेली लव किती ग्रॅम आहे तेही लागतं. ८०० ची ६० ग्रॅम लव असेल तर एकूण फुगवटा सुमारे १,७०० घनइंच. ६०० ची १२० ग्रॅम असेल तर सुमारे २,५४०. म्हणजे ‘हलक्या दर्जाचं’ दुसरं जॅकेट दीडपट फुगतं आणि जास्त गरम राहतं, फक्त थोडं जड भरतं. विक्रेता ८०० चा आकडा दाखवून थांबला तर लवेचं वजन विचारा. जॅकेटचं एकूण वजन नव्हे, नुसत्या भरणाचं. काही कंपन्या हा आकडा संकेतस्थळावर देतात. कुठेच नसेल तर हाताने जाडी तपासावी.

६५० ते ७०० फिल पॉवर धरली तर अंदाज असा: ६० ते ९० ग्रॅम लव असलेलं पातळ जॅकेट शरद ऋतूतल्या ट्रेकला किंवा आतला थर म्हणून ठीक. फ्लीसवरून घालून केदारकंठा-ब्रह्मतालच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थांब्यांसाठी १०० ते १५० ग्रॅम. लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरच्या ‘चादर’ ट्रेकसाठी २०० ग्रॅमच्या पुढे, कारण तिथे रात्री उणे २० च्या खाली जातात आणि कॅम्पवर बसून राहण्याचा वेळही मोठा असतो. मापानुसार हे आकडे हलतात. एक्सएल जॅकेटमध्ये तेवढ्याच जाडीसाठी जास्त लव लागते.

लेबलवर ९०/१० किंवा ८०/२० लिहिलेलं असतं, म्हणजे इतके टक्के लव आणि इतकी बारीक पिसं. ७०/३० च्या खाली जाऊ नये, काड्या टोचायला लागतात.

डाऊनचा शत्रू ओल. भिजली की लव गोळा होऊन चिकटते, हवा जाते आणि उरतं ते ओलं कापड. पाण्याला टिकणारी प्रक्रिया केलेली डाऊन हलक्या दमटपणात तग धरते, मुसळधार पावसात नाही. घामाची वाफही आत साचते. डाऊन घालून चढू नये याचं हे दुसरं कारण.

दुसरा मार्ग सिंथेटिक, म्हणजे पॉलिस्टरचे बारीक धागे. इथे फिल पॉवर नसते, दर चौरस मीटरला किती ग्रॅम भरण ते लिहितात: ६०, ८०, १००, १३३. प्रायमालॉफ्ट किंवा थिन्सुलेट ही नावं लेबलवर दिसतील. छातीला १०० आणि बाह्यांना ६० किंवा ८० अशी विभागणी बऱ्याच जॅकेटमध्ये असते. दुकानात फक्त मोठा आकडा सांगतात, म्हणून बाह्यांचा वेगळा विचारावा. तेवढ्याच उबेसाठी सिंथेटिक जड पडतं, सॅकमध्ये जास्त जागा खातं आणि वर्षानुवर्षं दाबून कोंबलं की त्याचा फुगीरपणा कायमचा कमी होतो. पण भिजल्यावरही ते बऱ्यापैकी ऊब राखतं आणि घरच्या मशीनमध्ये धुता येतं.

मग घ्यायचं कोणतं? हाडं गोठवणारी पण कोरडी थंडी आणि कोरडा बर्फ असेल, ट्रेक दरवर्षी होत असेल, तर डाऊन. मार्च-एप्रिलमध्ये अर्धवट वितळलेला ओला बर्फ, गारा, सिक्कीम-दार्जिलिंगकडचं दमट हवामान असेल तर सिंथेटिक. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी घरातल्या चार महिन्यांच्या पावसाळ्याचाही विचार करावा; ट्रेक सहा दिवसांचा, कपाट वर्षभराचं. दोन-तीन वर्षांतून एकदा हिमालयात जाणाऱ्याला आमचा सल्ला १०० ते १३३ ग्रॅमचं सिंथेटिक किंवा सरळ भाड्याचं जॅकेट असाच आहे.

हजार-बाराशे रुपयांच्या ‘डाऊन’ जॅकेटबद्दल एक इशारा. बाजारातली बरीच फुगीर जॅकेटं दिसायला तशीच असतात, आत साधं पॉलिस्टरचं भरण असतं. ते घेण्यात काही वाईट नाही, पण किंमत त्याची द्यावी. आतल्या शिवणीवरचं बारीक लेबल वाचा, भरणासमोर ‘१०० टक्के पॉलिस्टर’ असेल तर विषय संपला. शिवाय चिमटीत कप्पा धरून चोळला तर डाऊनमध्ये मधूनच बारीक काडी लागते आणि भरण बोटांमधून जणू नाहीसं होतं. पॉलिस्टरचा सलग थर बोटांत राहतो.

शिवण आणि कापड

दुलईला आरपार टाके घालतात तशीच बहुतेक हलक्या डाऊन जॅकेटची शिवण असते. टाक्याच्या रेषेवर जाडी शून्य होते आणि तिथून गारवा आत येतो. वरून विंडचीटर घातलं की हा दोष बराच झाकला जातो. चादर ट्रेकसारख्या थंडीसाठी मात्र कप्प्यांच्या मधे कापडी भिंती असलेलं जॅकेट हवं. ओळखायची खूण सोपी आहे: जॅकेट उजेडासमोर धरा. आरपार शिवणीच्या रेषा उजळ दिसतात. त्याच वेळी कप्प्यांमधल्या रिकाम्या जागाही दिसतील. खांद्यावर आणि बाह्यांच्या वरच्या बाजूला रिकामे कप्पे असतील तर ते जॅकेट ठेवून द्या.

बाहेरच्या कापडाच्या धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. १० डेनियर अत्यंत हलकं, पण तंबूच्या खिळ्यावर किंवा झाडाच्या फांदीवर अडकलं की फाटतं. सर्वसाधारण ट्रेकरला २० ते ३० ठीक. कापडावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळले तर वरची जलरोधक प्रक्रिया शाबूत आहे. तिच्या भरवशावर पावसात जाऊ नये, ती अंगावर पडणाऱ्या भुरभुर बर्फापुरती.

आतून चंदेरी ठिपक्यांचं अस्तर असलेली जॅकेटं खूप खपतात. ठिपक्यांनी थोडा फरक पडत असेल, पण ते जाडीची जागा घेत नाहीत.

दुकानात काय करून पाहायचं

पुण्याच्या दुकानात जॅकेट घालून ‘गरम वाटतंय का’ हे पाहण्यात अर्थ नाही. तिथे घोंगडीसुद्धा गरम वाटते. तपासायचं ते माप आणि जोडकाम. ट्रेकला घालणार तेच थर्मल, फ्लीस आणि विंडचीटर पिशवीतून घेऊन जा, सोबत कानटोपी आणि हातमोजे.

१. सगळे थर घालून वरून जॅकेट चढवा, चेन गळ्यापर्यंत ओढा. चेन लावताना पोट आत ओढावं लागत असेल तर माप लहान. आवळलं की भरण दबतं आणि पैसे देऊन घेतलेली जाडी जाते. रोजच्या शर्टपेक्षा एक माप मोठं लागणं स्वाभाविक आहे.

२. दोन्ही हात वर करा. खालची कड कमरेच्या वर चढता कामा नये, मनगटं उघडी पडता कामा नयेत. मग स्वतःला घट्ट मिठी मारा. पाठीवर ताण आला तर तिथलं भरण दबतंय.

३. उलट बाजूही पाहा. फार ढगळ जॅकेटमध्ये प्रत्येक हालचालीला आतली गरम हवा भात्यासारखी बाहेर फेकली जाते. म्हणून खालच्या कडेची दोरी ओढून ती नीट आवळते का आणि कफ मनगटावर बसतात का ते बघा.

४. टोपी कानटोपीवरून घाला आणि मान डावी-उजवीकडे वळवा. टोपी डोक्याबरोबर वळली पाहिजे. एक डोळा टोपीत गेला तर तिला आवळायची सोय अपुरी आहे. टोपी नसलेलं गरम जॅकेट या कामासाठी घेऊच नका.

५. हातमोजे घालून चेन दहा वेळा लावा-काढा. चेनच्या आत वारा अडवणारी पट्टी असावी, पण ती दातांत अडकत असेल तर पहाटे तीनला अंधारात ती शंभर टक्के अडकणार. चेनचा ओढा लहान असेल तर त्याला दोरीचा तुकडा बांधता येतो. हनुवटीपाशी चेनवर कापडी टोपण असलं पाहिजे, नाहीतर गार धातू आणि दाढी यांची गाठ पडते.

६. आतला खिसा हवाच. थंडीत मोबाइलची आणि हेडलॅम्पची बॅटरी भराभर उतरते, ती अंगाच्या उबेत ठेवावी लागते.

७. जॅकेट त्याच्या पिशवीत कोंबा, पाच मिनिटांनी काढून झटका. काही मिनिटांत फुललं पाहिजे. शिवणींतून एखादं-दुसरं पीस बाहेर येणं चालतं. प्रत्येक शिवणीतून येत असेल तर कापड किंवा टाके सैल आहेत.

लेबलवर ‘उणे ५’ किंवा ‘उणे १०’ लिहिलेलं असतं. स्लीपिंग बॅगच्या तापमानासाठी आयएसओ २३५३७ हे चाचणीचं मानक आहे. ट्रेकिंगच्या जॅकेटवरचा आकडा मात्र सहसा कंपनीने स्वतःच्या पद्धतीने काढलेला असतो, आत कोणते थर आणि माणूस किती हलतोय हे गृहीत धरून. एकाच कंपनीच्या दोन जॅकेटची तुलना करायला तो कामाचा, दोन कंपन्यांची तुलना करायला नाही.

भाड्याने घेताना

सांक्रीत आणि पुण्या-मुंबईतही जॅकेटं भाड्याने मिळतात. घेण्याआधी चेन पूर्ण वर-खाली करा. कप्पे हाताने चाचपा. एका कोपऱ्यात गोळे आणि बाकी रिकामं असेल तर ते चुकीचं धुतलं गेलं आहे. कुबट वास म्हणजे आत ओल राहिली आहे, अशा जॅकेटची ऊब गेलेली असते. ट्रेकच्या मोसमात मोठी मापं आधी संपतात, म्हणून माप आधी कळवून ठेवा.

डोंगरावर

शेकोटीपासून लांब राहा. नायलॉनला ठिणगी पुरते, आणि कॅम्पवरून परतणाऱ्या जॅकेटांवरची बहुतेक भोकं शेकोटीचीच असतात. भोक पडलं तर चिकटणारी दुरुस्तीची पट्टी, तीही नसेल तर साधी चिकटपट्टी, जागा कोरडी करून लावा. शिवणीतून पीस डोकावलं तर बाहेर ओढू नका. एक ओढलं की मागून दुसरं येतं. आतल्या बाजूने चिमटीत धरून परत आत खेचा.

रात्री जॅकेट घालून स्लीपिंग बॅगेत झोपायचं असेल तर बॅगेत जागा आहे का पाहा. दोन्ही एकमेकांना दाबत असतील तर दोघांचीही ऊब कमी होते; त्यापेक्षा जॅकेट पायांवर किंवा छातीवर वरून पांघरावं. तोंड बॅगेच्या आत घालून श्वास सोडू नये, ती वाफ भरणात शिरते. सकाळी तंबूच्या आतल्या कापडावर दव गोठलेलं असतं, त्याला जॅकेट घासू न देता बाहेर पडा. ऊन आलं की अर्धा तास आतली बाजू बाहेर काढून वाळवा.

सॅकचे पट्टे खांद्यावरची लव दाबतात, हेही जॅकेट घालून न चालण्याचं एक कारण. शिखराच्या पहाटे मात्र नियम थोडा वाकवावा लागतो. रांग हळू चालत असेल, दर दहा पावलांना थांबावं लागत असेल, तर शरीर पुरेसं तापत नाही. अशा वेळी जॅकेट अंगावर ठेवा, पण चेन छातीपर्यंत उघडी आणि टोपी खाली. पाठ दमट व्हायला लागली की लगेच काढायचं.

धुणं आणि ठेवणं

डाऊन वारंवार धुऊ नये. गळा आणि कफ मळले तर तेवढेच ओल्या फडक्याने पुसा. पूर्ण धुवायचं झालं तर डाऊनसाठीचा वेगळा साबण घ्या. साधी पावडर लवेवरचं नैसर्गिक तेल काढते आणि कपडे मऊ करणारं द्रव लवेला चिकटवून टाकतं. पुढून उघडणारं मशीन, ३० अंश, नाजूक कपड्यांचा वेग, खळबळणं दोनदा. मधे दांडा फिरणाऱ्या वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये कप्प्यांची शिवण फाटू शकते. धुतल्यावर खांद्याला धरून उचलू नका. पाणी प्यायलेल्या लवेच्या वजनाने आतल्या भिंती उसवतात. दोन्ही हात खाली घालून, लहान बाळ उचलावं तसं उचला. पिळू नका, दाबून पाणी काढा.

वाळवणं हाच खरा कस. ड्रायर असेल तर मंद उष्णतेवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून, दर अर्ध्या तासाने बाहेर काढून गोळे हाताने फोडत, तीन तास किंवा जास्त. ड्रायर नसेल तर मार्च-एप्रिलची कोरडी हवा गाठा: सावलीत आडवं पसरा, दर दोन तासांनी थोपटा, दोन-तीन दिवस लागतील. वरून कोरडं लागलं तरी कप्पा चिमटीत धरून पाहा. गोळा लागला तर आत ओल आहे. पावसाळ्यात डाऊन धुवायला काढूच नये.

ठेवताना पिशवीत कोंबून ठेवू नका. हँगरवर टांगा, नाहीतर उशीच्या जुन्या सुती अभ्र्यात सैल घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, भिंतीला चिकटून नाही. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबरगोळ्या नकोत, तो वास पुढच्या ट्रेकला तंबूभर पसरतो. जुलै-ऑगस्टमध्ये जेव्हा ऊन पडेल तेव्हा एकदा बाहेर काढून पंख्याखाली तासभर टांगायचं आणि गळ्याच्या आतल्या बाजूला काळे ठिपके आले आहेत का ते पाहायचं, बुरशी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.